थांब सात

त्यांनी यादी दिली : एकूण प्रणाली एकतीस.
मी मोजल्या तर त्रेचाळीस निघाल्या,
आणि चव्वेचाळिसावी कुंदाताई वैतींच्या ड्रॉवरमध्ये,
दोनशेपानी, लाल पुठ्ठ्याची,
कडेला हळदीचं बोट उमटलेली.

रबाळे एमआयडीसी. रसायनांचे टँकर भरणारी कंपनी.
खिडकीत पारसिकचा डोंगर, एका अंगाने खाणीने खाल्लेला.
मी सल्लागार, म्हणजे तीन आठवडे
लोकांच्या माळ्यावर चढायचं
आणि खाली तोंड करून विचारत राहायचं :
हे अजून लागतं का? हे कुणाचं?

तक्त्यात रकाने चार. नाव, वय, मालक, धोका.
मालकाच्या रकान्यात 'गुप्ते' चौदा वेळा आलं.
गुप्ते कुठे बसतात?
स्टोअरमधला पोरगा चहा ढवळत म्हणाला,
ते गेले, दोन हजार नऊला.
कंपनीतून, की...
आधी कंपनीतून.

तरी रोज सकाळी आठ-दहाला गुप्ते लॉगिन करतात,
साठा तपासतात, मंजुरी देतात.
पासवर्ड भिंतीवर आहे, कॅलेंडरमागे.
कॅलेंडर दर वर्षी बदलतं.

रात्री साडेअकराला एक प्रिंटर आपोआप खडखडतो,
बावीस पानी अहवाल काढतो, जो कुणी वाचत नाही.
बंद करू? विचारलं
तर कँटीनवाला पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून म्हणाला,
मग वडे कशात बांधू?
मी लिहिलं : वापरकर्ते आहेत.

वजनकाट्याचा प्रोग्राम सत्त्याण्णवचा.
काळा पडदा, हिरवी अक्षरं,
आणि मधोमध एक ओळ, मागेपुढे काही खुलासा नाही :
थांब सात.
सात सेकंद काहीच करायचं नाही.
दिवसाला टँकर दोनशे दहा,
म्हणजे साडेचोवीस मिनिटं रोजची पाण्यात.
मी खुशीत लिहिलं : अनावश्यक विलंब. काढावा.
इतकं सरळ काही हाती लागलं नव्हतं तोवर.

काट्यावर हरेश्वर मढवी, गोठिवलीचे,
सव्वीस वर्षं त्याच खुर्चीत,
खुर्चीला तिसरं चाक कधीचं नाही, खाली वीट.
त्यांना म्हटलं, ही ओळ कुणी घातली?
गुप्तेसायबांनी. मीच सांगितला.
कशासाठी?
त्यांनी माझ्याकडे, मग फाटकाकडे पाहिलं.
"ताय, गारी थांबली.
पन आतला पानी थांबला का?"

तेवढ्यात तळोज्याहून एक टँकर आला,
ब्रेक लागला, ड्रायव्हरने दार उघडलं, थुंकला.
आकडा चोवीस हजार तीनशे दहा.
दोनशे ऐंशी.
तीनशे चाळीस.
पोलादाच्या पोटात काहीतरी अजून
तळोज्याच्या रस्त्यावरच होतं,
पुढच्या भिंतीला आपटून मागे येत होतं.
तीनशे पाच. तीनशे पंधरा.
मढवींनी बोट वर धरलेलं, पोराला गप्प करतात तसं.
मग आकडा बसला.

महापेच्या प्लँटमध्ये मागच्या वर्षी नवं घातलं,
तिथे हा आकडा लगेच येतो.
तिथे दर महिन्याला हिशेब जुळत नाही
आणि दर महिन्याला एका ड्रायव्हरवर संशय घेतात.
हे कुठल्या कागदावर नव्हतं.
मढवी बिडी शोधता शोधता बोलले.

त्या रात्री ऐरोलीच्या खोलीवर
मी तक्त्याला पाचवा रकाना जोडला : कारण.
त्रेचाळीसपैकी एकोणतीस ठिकाणी तो रिकामा आहे.
रिकामा म्हणजे कारण नाही असं नव्हे,
मी अजून त्या खुर्चीपर्यंत पोचले नाही, इतकंच.
चव्वेचाळिसावीचं काही लिहिलं नाही.
कुंदाताईंनी वही दाखवली, पण हातातून सोडली नाही.

सोमवारी पडद्यावर नऊ चौकोन, नऊ चेहरे.
प्रकल्पप्रमुख निखिलेश गडकर म्हणाले,
थोडक्यात सांगा, काढायचं की ठेवायचं?
मी तोंड उघडलं,
आणि थांबले.
एक, दोन,
तीन,
चारला त्यांनी कॅमेऱ्याजवळ वाकून विचारलं,
हॅलो? आवाज येतोय का माझा?